यातले नर किती?

वेळासच्या किनाऱ्यावर आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे सात वाजायला आले होते. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातलं हे गाव. मार्च महिना. बरोबर सातवी-आठवीची मुलं, त्यांच्या डोळ्यांवरची झोप अजून उतरायची होती. भरतीचं पाणी येतं त्या रेषेच्या बरंच वर जाळीचं कुंपण घातलेली एक जागा होती. इथे सगळे तिला हॅचरीच म्हणतात. आत ओळीनं बुजवलेले खड्डे, प्रत्येकावर उपडी टोपली आणि शेजारी पाटी: घरटं कधी सापडलं, अंडी किती होती.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ मध्ये इथली घरटी राखायला सुरुवात केली. गावातलेच कासवमित्र रात्री-पहाटे किनारा पालथा घालतात. ऑलिव्ह रिडले जातीची मादी वाळूत चढून अंडी घालते आणि निघून जाते. मागे राहतो तो तिच्या वल्ह्यांसारख्या पायांचा माग. त्या मागावरून घरट्याची जागा हुडकायची, अंडी काढायची आणि हॅचरीत तशाच सुरईच्या आकाराच्या, दीड-एक फूट खोल खड्ड्यात पुरायची. हे काम उरकावं लागतं लवकर. काही तासांनी गर्भ कवचाला आतून चिकटू लागतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर तो दगावतो.

एक टोपली उचलली गेली. खाली वाळू नुसती वळवळत होती. काड्यापेटीएवढी, काळपट राखाडी पिल्लं. ती समुद्रापासून थोड्या अंतरावर सोडली आणि मुलांची झोप कुठल्या कुठे पळाली. शेवटचं पिल्लू लाटेत शिरल्यावर आमच्यापैकी एकानं, शिक्षकांना सवय असते तसं, छोटंसं भाषण केलं: बघा, आज इतकी कासवं वाचली. त्यावर सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, “यातले नर किती होते?”

शेजारी उभ्या असलेल्या कासवमित्रांनी सरळ सांगितलं, “बाहेरून बघून नाही ओळखता येत गो.” मुलगी म्हणाली, “मग सगळेच नर निघाले तर?” मुलं हसली. आम्हीही हसलो. पण परतीच्या एसटीत आमच्यातल्या जीवशास्त्राच्या बाई गप्पच होत्या. त्या मुलीचा प्रश्न वेळेवर विचारला न गेल्यामुळे काय घडलं, याची एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. ती अमेरिका आणि मेक्सिकोच्या किनाऱ्यावरची आहे. नंतर आम्ही मिळून ती नीट वाचून काढली. इथे सांगतो आहोत ती तीच.

आपल्या ऑलिव्ह रिडलेचं एक जवळचं भावंड मेक्सिकोच्या आखातात राहतं. फ्लोरिडातल्या की वेस्ट इथल्या रिचर्ड केम्प यांनी त्याचे नमुने हार्वर्डच्या संग्रहालयाकडे पाठवले, आणि तिथल्या सॅम्युएल गार्मन यांनी १८८० मध्ये या जातीला केम्प यांचं नाव दिलं. केम्पचं रिडले. नाव मिळालं, पण हा प्राणी अंडी कुठे घालतो ते कुणालाच माहीत नव्हतं. फ्लोरिडाच्या कोळ्यांचं म्हणणं होतं की याला घरटं नाहीच; दोन वेगळ्या जातींच्या कासवांचा हा संकर. फ्लोरिडा विद्यापीठातले आर्ची कार यांना ते पटेना. त्यांनी या कोड्यापायी कित्येक वर्षं किनारे धुंडाळले. १९५६ मध्ये त्यांनी ‘द विंडवर्ड रोड’ हे पुस्तक लिहिलं तेव्हाही कोडं सुटलेलं नव्हतं.

गंमत अशी की उत्तर नऊ वर्षांपूर्वीच एका डब्यात बंद झालं होतं. १८ जून १९४७ ला मेक्सिकोच्या तामाउलिपास राज्यात, रँचो न्युएव्हो नावाच्या ओसाड किनाऱ्यावर आंद्रेस हेरेरा या इंजिनियरनं आपलं लहान विमान उतरवलं. भर दिवसा हजारो माद्या एकाच वेळी वाळूत चढून अंडी घालत होत्या. त्यानं कॅमेरा काढला आणि चित्रण केलं. ते चित्रण पुढे चौदा वर्षं शास्त्रज्ञांच्या दृष्टीला पडलं नाही. हेन्री हिल्डेब्रँड या टेक्ससमधल्या प्राध्यापकानं त्याचा माग काढला आणि १९६१ मध्ये ऑस्टिनला शास्त्रज्ञांच्या सभेत ते दाखवलं. त्या एका दिवसात सुमारे चाळीस हजार माद्या आल्या असाव्यात, असा अंदाज हिल्डेब्रँड यांनी केला. पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा खाली आणला आहे, पण हजारांची गोष्ट हजारांचीच राहिली. कार यांनी ती फिल्म पाहिली आणि त्यांचं कोडं सुटलं. या जातीच्या जवळजवळ सगळ्या माद्या एकाच किनाऱ्यावर येत होत्या. बाकी जगात शोधून सापडणार कशा?

कोडं सुटलं खरं, पण तोवर किनारा रिकामा होत आला होता. तिथली अंडी पोती भरभरून बाजारात जात होती. १९६६ मध्ये मेक्सिकोनं रँचो न्युएव्होला छावणी उभारली आणि पहाऱ्याला नौसैनिक ठेवले. अंडी नेणं थांबत आलं. तरीही माद्यांची संख्या घसरतच राहिली. १९८५ साली संपूर्ण हंगामात ७०२ घरटी मिळाली. एक मादी हंगामात एकाहून अधिक वेळा अंडी घालते, म्हणजे त्या वर्षी आलेल्या माद्या याहूनही कमी.

एकच किनारा, आणि त्यावर सगळी जात टेकलेली. एखादं मोठं वादळ आलं, तेल सांडलं, तर? या भीतीतून १९७८ मध्ये दोन देशांनी मिळून एक धाडसी बेत आखला. टेक्ससच्या किनाऱ्याला लागून पाद्रे नावाचं लांबलचक बेट आहे. त्याचा काही भाग राष्ट्रीय संरक्षित किनारा आहे. तिथे या कासवांची दुसरी वसाहत करायची. पण कासवाला ‘इथे ये’ हे सांगायचं कसं?

कार आणि इतर अभ्यासकांचा असा कयास होता की पिल्लू जन्मल्या जन्मल्या आपल्या किनाऱ्याची काहीतरी ओळख मनात ठसवून घेतं, वास किंवा चव, आणि मोठेपणी तिथेच परततं. मग रँचो न्युएव्होची ओळख ठसूच द्यायची नाही, असं ठरलं. मादी अंडी घालत असतानाच ती प्लास्टिकच्या पिशवीत झेलायची. तिथल्या वाळूला स्पर्शसुद्धा होऊ द्यायचा नाही. मग ती पाद्रेहून आणलेल्या वाळूत, थर्मोकोलच्या पेट्यांमध्ये भरायची आणि विमानानं पाद्रेला न्यायची. १९७८ पासून १९८८ पर्यंत दर वर्षी साधारण दोन हजार अंडी अशी गेली. पिल्लं बाहेर आली की त्यांना पाद्रेच्या वाळूवरून चालू द्यायचं, लाटांत क्षणभर पोहू द्यायचं आणि लगेच जाळीनं पुन्हा पकडायचं. आपण वेळासला पिल्लं सोडतो आणि हात हलवतो. तिथे सोडलेलं परत गोळा करत होते.

पकडलेली पिल्लं जात गॅल्व्हस्टनला. तिथल्या सरकारी मत्स्य प्रयोगशाळेत त्यांना नऊ ते अकरा महिने वाढवत. लहानपणी पक्षी, खेकडे, मासे यांच्या तोंडी जातात ती सर्वांत जास्त. तेव्हा ताटाएवढी होईपर्यंत सांभाळून मग समुद्रात सोडू, हा विचार. ही पिल्लं एकमेकांना चावतात, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र बादली. समुद्राचं पाणी हिवाळ्यात कोमट ठेवायचं, खाणं मोजून द्यायचं. ह्यूस्टनच्या परिसरातल्या शाळांतली मुलं ‘हार्ट’ नावाच्या संस्थेकडे सुटे पैसे जमा करत, त्यातून या कासवांचं खाद्य विकत घेतलं जाई. सोडण्यापूर्वी खूण करायची तऱ्हाही मोठी हिकमती होती. कासवाच्या पोटाकडचं कवच फिकट, पाठीचं गडद. पोटावरची एक छोटी चकती काढून पाठीच्या ठरावीक खवल्यात बसवायची. ती जिवंत असल्यामुळे कासवाबरोबर वाढते. पाठीवरच्या कुठल्या खवल्यात फिकट ठिपका आहे, यावरून जन्मसाल कळतं.

म्हणजे जागेचा विचार केला, वासाचा केला, भक्षकांचा केला. राहिलं काय? थर्मोकोलची पेटी.

ज्या वर्षी रँचो न्युएव्होला छावणी पडली, त्याच १९६६ साली डाकारमध्ये मॅडलिन शार्निए या संशोधिकेनं सरड्यासारख्या अगामा प्राण्यावर एक छोटा निबंध छापला. अंडी कमी-जास्त उबेत ठेवली तर पिल्लांतलं नर-मादीचं प्रमाण बदलतं, असं तिला दिसलं होतं. निबंध फ्रेंचमध्ये, नियतकालिक पश्चिम आफ्रिकेतलं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढे १९७० च्या दशकात क्लोद पिओ यांनी फ्रान्समध्ये गोड्या पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या कासवांमध्ये हेच दाखवलं. आपण वर्गात लिंगनिश्चिती शिकवतो ती एक्स आणि वाय गुणसूत्रांची. नर की मादी हे फलनाच्या क्षणीच ठरतं. इथे मात्र फलन झालं, अंडं घातलं, काही आठवडे गेले तरी ते ठरलेलं नसतं. उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात वाळू किती तापली आहे, त्यावर ते अवलंबून असतं.

समुद्री कासवांचं काय? टोरोंटोचे निकोलस म्रोसोव्हस्की आणि न्यूयॉर्क राज्यातले चेस्टर इन्टेमा यांनी १९८० मध्ये लॉगरहेड जातीच्या अंड्यांवरच्या प्रयोगांतून उत्तर दिलं. साधारण २९-३० अंश सेल्सिअसच्या आसपास एक सीमा असते. तिच्याहून थंड वाळूत नर, उष्ण वाळूत माद्या. मध्ये दोन-तीन अंशांच्या पट्ट्यात मिश्रण. त्यांनी त्याच लेखात संवर्धकांना सावध केलं होतं, की तुमच्या उबवणी केंद्रांत तुम्ही नकळत एकाच लिंगाची पिल्लं काढत असाल. १९८२ मध्ये कोस्टारिकातल्या अंड्यांवरून दुसऱ्या गटानंही तोच इशारा दिला. आणि सूरीनाममध्ये तपासलं तेव्हा थर्मोकोलच्या पेट्यांतून मुख्यतः नर निघत असल्याचं आढळलं. जमिनीवर ठेवलेली, सावलीतली पेटी ही उन्हातल्या वाळूपेक्षा एखाद-दोन अंशांनी थंड. पिल्लं छान निघतात, भरपूर निघतात. म्हणून पेटी उत्तम, असा सगळ्यांचा समज झालेला.

पाद्रेच्या पेट्यांचं काय झालं होतं? पिल्लाचं लिंग बाहेरून कळत नाही, हे वेळासच्या कासवमित्रांनी सांगितलंच. जे पिल्लू मेलं त्याची चिरफाड करून जननग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, हा एक मार्ग. थोड्या मोठ्या कासवांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन मोजणं हा दुसरा. ही तपासणी झाली आणि पाद्रेच्या पेट्यांतल्या तापमानाच्या नोंदी तिच्याशेजारी मांडल्या गेल्या. पहिल्या काही वर्षांतली बहुतेक पिल्लं नर होती. किनाऱ्यावर अंडी घालायला परत यावं म्हणून एवढा खटाटोप, आणि वाळूवर चढते ती फक्त मादी! नर समुद्रात शिरला की आयुष्यात क्वचितच जमिनीवर येतो.

१९८५ पासून पेट्या जास्त उबदार ठेवल्या गेल्या आणि पुढच्या वर्षांत बहुसंख्य माद्या निघाल्या.

इथे आमच्यात थोडा वाद झाला. आमच्यातल्या एका सरांचं म्हणणं, की इशारा १९८० चा आणि बदल १९८५ चा, पाच हंगाम वाया गेले, ही हलगर्जीच. जीवशास्त्राच्या बाईंचं म्हणणं वेगळं पडलं. इशारा दुसऱ्या जातीवरच्या प्रयोगांतून आलेला होता. केम्पच्या रिडलेची सीमा किती अंशांवर आहे हे कुणी मोजलं नव्हतं, आणि अंदाजानं तापमान वाढवून सगळी अंडी शिजवली असती तर? आम्हाला बाईंचं जास्त पटतं. त्यांनी पेट्यांचं तापमान लिहून ठेवलं होतं आणि मेलेली पिल्लं फेकली नव्हती. नोंदी नसत्या तर आजही आपण ‘इतकी कासवं वाचली’ एवढंच म्हणत बसलो असतो. मात्र पाच हंगाम गेले हे खरंच आहे, आणि सातशे घरट्यांवर आलेल्या जातीला पाच हंगाम थोडे नव्हेत.

लिंगाचा घोटाळा निस्तरला तरी एक मोठा प्रश्न उरला होता. पिल्लू वर्षभर सांभाळून जात वाचते का? १९८७ मध्ये क्राउस, क्राउडर आणि कॅसवेल यांनी लॉगरहेडच्या आयुष्याचे टप्पे पाडून हिशेब मांडला. किनाऱ्यावरचं एकूणएक अंडं वाचवलं, तरी समुद्रातली मोठी होत आलेली कासवं मरत राहिली तर संख्या घसरतच राहते, असं त्यातून निघालं. कारण सोपं आहे. पिल्लं मुळातच हजारोंनी मरण्यासाठी जन्मतात. जे कासव बारा-पंधरा वर्षं टिकून प्रौढ होत आलं, ते गेलं तर भरून यायला पुन्हा तितकीच वर्षं. आणि मोठी कासवं मरत होती ती कोळंबीच्या ट्रॉलर जाळ्यांत. कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं. तासन् तास ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात ते गुदमरतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं १९९० मध्ये, माणसामुळे होणाऱ्या कासवांच्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण हेच असल्याचं सांगितलं. १९९२ मध्ये नॅट फ्रेझर यांनी तर पिल्लं वाढवण्याच्या उद्योगाला अर्धवट तंत्र ठरवलं: रोग तसाच ठेवून लक्षणांवर औषध.

औषध खरं तर कोळ्यांकडेच होतं. जॉर्जिया राज्यातल्या सिंकी बून या कोळंबी पकडणाऱ्यानं जाळ्यात नको असलेले जेलीफिश बाहेर पडावेत म्हणून गजांची एक चौकट बसवली होती. कोळंबी गजांमधून मागे जाते, मोठा प्राणी गजांवर आपटून वरच्या किंवा खालच्या झडपेतून सुटतो. असल्या चौकटींतूनच कासव सुटकेचं साधन तयार झालं, ज्याला टेड म्हणतात. अमेरिकेत १९८७ मध्ये त्याचे नियम आले आणि बंदरांमध्ये दंगाही झाला. पुढे अमेरिकेनं हीच अट आयातीला लावली, तेव्हा भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड या देशांनी जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. १९९६ ते १९९८ चा तो खटला आपल्या वर्तमानपत्रांतही गाजला होता. त्या वादातली बाजू घेणं हा इथला विषय नाही. पण कासवांचं राखणं किनाऱ्यावर संपत नाही, हे त्यातून शाळकरी मुलांनाही समजण्यासारखं आहे.

गॅल्व्हस्टनच्या पिल्लं वाढवण्याच्या प्रयोगाचा शेवटचा गट १९९२ चा. तोवर वीस हजारांहून अधिक कासवं सोडून झाली होती. सोडलेली कासवं कधी अंडी घालताना दिसली नव्हती, आणि बऱ्याच जणांनी प्रयोग फसला असं मानलं. मग १९९६ मध्ये पाद्रे बेटावर दोन माद्या चढल्या. अंगावरच्या खुणांवरून ओळख पटली: त्या पेटीतल्या होत्या. पुढे टेक्ससमधली घरटी वाढत गेली. २०१७ मध्ये ती ३५३ झाली. रँचो न्युएव्हो आणि आसपासच्या किनाऱ्यांवरही २००९ पर्यंत संख्या झपाट्यानं चढली, वीस हजार घरट्यांच्या आसपास गेली. २०१० मध्ये ती अचानक कोसळली आणि तेव्हापासून वरखाली होत राहिली आहे. २०१० हे मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन तेलगळतीचं वर्ष. मात्र घसरणीची कारणं काय, यावर अभ्यासकांत एकमत झालेलं नाही. चढत्या काळाचं श्रेय तरी कुणाचं? नौसैनिकांच्या पहाऱ्याचं, टेडचं, की बादल्यांचं? सगळं एकाच काळात चालू होतं, तुलनेला एखादा किनारा तसाच सोडून दिलेला नव्हता. जात बुडत असताना तसा कुणी सोडणारही नाही.

वासानं किनारा ओळखण्याच्या कयासाचंही पुढे बरंच काही झालं. नॉर्थ कॅरोलिनाच्या केनेथ लोमन यांनी कासवांना पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जाणवतं हे प्रयोगांनी दाखवलं. आणि आपल्याकडेही एक धक्का बसला: ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये पायाला क्रमांकाची पट्टी लावलेली एक ऑलिव्ह रिडले मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. कासवानं आपल्या किनाऱ्याशी इतकं इमानी असलं पाहिजे, असं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

उष्णतेचा प्रश्न मात्र आता उलट्या बाजूनं उभा आहे. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातली हिरवी कासवं तपासली गेली. तिथल्या उष्ण किनाऱ्यांवर जन्मलेल्या लहान कासवांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या. नर कमी पडले तर किती दिवस चालेल, याची आता चिंता आहे. चेन्नईला १९८८ पासून विद्यार्थीच चालवत आले आहेत अशा कासव संवर्धन गटानं हॅचरीवर सावलीच्या जाळ्या टाकून पाहिल्या, त्या याच काळजीनं.

शाळेत परतल्यावर आम्ही त्या मुलीला तिचं उत्तर देऊ शकलो नाही. मोजायचं काय ते तेवढं सांगितलं. मैदानाच्या कोपऱ्यात मुलांनी वाळूचे दोन ढीग केले आहेत, एक उन्हात, एक आंब्याच्या सावलीत. प्रत्येकात दोन पोकळ पीव्हीसी नळ्या, एक बोटभर खोल, दुसरी दीड फूट. त्यांत दोऱ्याला बांधलेले प्रयोगशाळेतले तापमापक सोडतात. सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाचला नोंद. वरच्या वाळूत दुपारी हात ठेववत नाही. खालची मात्र दिवसभर जवळजवळ हलत नाही, पण उन्हातली आणि सावलीतली एकमेकींपासून वेगळी राहतात. काच फुटू नये म्हणून तापमापक वर ओढण्याचं काम त्या मुलीनं स्वतःकडे घेतलं आहे, आणि रविवारी शाळेचं फाटक उघडं ठेवा म्हणून तिनं शिपाईकाकांना सांगून ठेवलं आहे.